कांदेबाईंचा हिरवा मोहो

“आज काय कमी आहे?” भार्गवने विचारलं.

सिस्टरनी बोटावरचा हिरवा थेंब जिभेवर टेकवला. डोळे मिटले. उघडले.

“नाही,” त्या म्हणाल्या आणि वाटी त्याच्याकडे परत सरकवली.

“नाही म्हणजे काय नाही? मीठ नाही? आंबटपणा नाही? लसूण जास्त झाली?”

“नाही म्हणजे नाही, बाळ.”

एवढं बोलून सिस्टर काठी टेकत परसातल्या कोथिंबिरीला पाणी घालायला गेल्या. भार्गव खलासमोर तसाच बसून राहिला. बोटांना लसणीचा वास, मनगटात कळ, आणि कानात तेच एक ‘नाही’.

भार्गव रणदिवे म्हणजे साधा माणूस नव्हे. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात तो दुसऱ्या क्रमांकाचा. स्पेनमध्ये राहून तिथली विद्या घेऊन आलेला. त्याच्या हाताखालची माणसं त्याला वचकून असत. त्याने चमचा खाली ठेवला की ओट्यावर शांतता पसरे.

पण एके दिवशी एक म्हातारा स्पॅनिश पाहुणा जेवायला आला. भार्गवने मुद्दाम स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी मोहो केला. मोहो म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांवरची हिरवी चटणीच म्हणा : कोथिंबीर, लसूण, जिरं, मिरची, जाडं मीठ, तेल आणि शिरका, म्हणजे व्हिनेगर. तिकडे ती मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सालीसकट बटाट्यांबरोबर खातात.

पाहुण्याने एक घास घेतला. ताटली हलकेच बाजूला केली.

“चांगला आहे,” तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. “पण हा कोणाचाच नाही.”

भार्गवच्या कानशिलांत आग झाली. पाहुण्याला त्याचं काहीच नव्हतं. जाताजाता तो एवढंच बोलला, “कोकणात आमच्या बेटावरची, मिशनची एक सिस्टर असते म्हणतात. तिच्या हातचा खाऊन बघ.”

भार्गवने रजा टाकली आणि करूळवाडीला येऊन धडकला.

डोंगराच्या कुशीत कौलारू घर. तिथे निराधार म्हाताऱ्या बायका राहत. त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टरचं नाव कांदेलारिया. एवढं लांबलचक नाव वाडीच्या तोंडात कुठून बसायला? त्याचं झालं कांदेबाई. हात जन्मभर लसणीत, आणि नाव कांद्याचं! पण उभी हयात इथे घालवलेल्या सिस्टरना आता हाक मारली तर त्याच नावाला त्या चटकन ओ देत.

पहिल्याच दिवशी भार्गवने आपली पिशवी उघडली. ऑलिव्ह तेलाची बाटली काढली, मिक्सर काढला, तिकडचं प्रशस्तिपत्रकसुद्धा काढलं.

सिस्टरनी तिन्ही गोष्टी पाहिल्या. बाटली ठेवून घेतली. बाकीचं पिशवीत परत घातलं आणि दगडी खल त्याच्यापुढे ठेवला.

“आधी मीठ आणि लसूण. मीठ खाली असलं की पाकळी निसटत नाही. मग जिरं, मग मिरची. कोथिंबीर नंतर, थोडी थोडी. तेल अगदी सावकाश. शिरका शेवटी.”

“हे सगळं मला माहीत आहे, सिस्टर.”

“बरं झालं. मग मला बोलायला नको.”

आणि त्या खरोखरच बोलल्या नाहीत. त्यानंतर रोज फक्त एक बोट, एक थेंब, आणि ‘नाही’.

भार्गव हट्टाला पेटला. त्याने लसूण कमी केली. वाढवली. जिरं भाजून घातलं, कच्चं घातलं. माडीचा घरचा शिरका वापरून बघितला. कोथिंबिरीचे देठ काढले, पुन्हा घातले. वाटी घेऊन तो सिस्टरपुढे उभा राही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती वाचत राही. भुवई हलली का? ओठ दुमडला का?

“नाही.”

वाटीतला मोहो मग जेवणाच्या पंगतीत जाई. घरातलं वाढप इनासमावशीकडे असे. म्हाताऱ्या बायका बटाटा बुडवून बुडवून खात, बोटं चाटत.

“आज तर सगळ्यांनी दोनदा मागून घेतला हो,” एकदा इनासमावशी कौतुकाने सांगायला आली.

“त्यांचं काय घेऊन बसलीस, मावशी,” भार्गव म्हणाला. “सिस्टर काय म्हणाल्या, ते ऐकलंस ना?”

मावशीने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मग ती रिकामी वाटी उचलून आत गेली.

अशात पुण्याहून फोन आला. मुख्य शेफ नोकरी सोडून चालला होता. मालक म्हणाले, “सोमवारपर्यंत ये. त्या सिस्टरचं शिक्कामोर्तब घेऊन येतो म्हणाला होतास ना? मिळालं?”

“मिळाल्यातच जमा आहे,” भार्गव म्हणाला. फोन ठेवून तो पुन्हा खलाकडे वळला.

रविवारी सिस्टरच्या नावाचा सण होता. त्या दिवशी त्या दरवर्षी स्वतः मोहो करत. सकाळीच खल घेऊन बसल्या. हात थरथरत होते, पण बत्ता सरळ पडत होता. मोहो झाला तसा एका मोठ्या वाडग्यात काढून झाकून ठेवला.

“तूही कर,” त्या भार्गवला म्हणाल्या आणि फुलं लावायला देवघराकडे गेल्या.

भार्गवने केला. भराभरा, दात आवळून केला. आणि तो करता करताच त्याच्या डोक्यात ते आलं.

आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याने आपली वाटी परसात नेली, सगळा मोहो केळीच्या बुंध्याशी ओतला. वाटी विसळली. मग झाकण सरकवून सिस्टरच्या वाडग्यातला मोहो आपल्या वाटीत भरला.

आता ‘हो’ म्हणाल्या, तर काम झालं. ‘नाही’ म्हणाल्या, तर...

जेवणाच्या लांब बाकावर सगळ्या जणी बसल्या. सिस्टर टोकाला. भार्गवने वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

एक बोट. एक थेंब. मिटलेले डोळे.

“नाही.”

भार्गव मोठ्याने हसला. इतका मोठ्याने की पलीकडच्या बाईच्या हातातला बटाटा घरंगळला.

“नाही? सिस्टर, हा तुमचा आहे! तुम्ही सकाळी केलेला! तुमच्या वाडग्यातून काढून आणलाय मी!”

सगळ्या बायका त्याच्याकडे पाहत राहिल्या. आता सिस्टर ओशाळतील, रागावतील, उठून जातील... भार्गव वाट बघत होता.

सिस्टरनी बोट पुन्हा एकदा चाटलं.

“असं होय? मग चांगला झाला असेल,” त्या म्हणाल्या.

“झाला असेल?”

“मला कसं कळणार, बाळ?”

भार्गवला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्याने इनासमावशीकडे पाहिलं. मावशी पदराने हात पुसत पुढे झाली.

“अहो रणदिवे, सिस्टरना चव कुठे लागते! मागे तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून जीभही गेली नि नाकही गेलं. गोड काय नि कडू काय, सारखंच. अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्हांलाही...”

पुढचं भार्गवला ऐकू आलं नाही.

भिंत धरावी म्हणून त्याने हात पुढे केला, तर भिंत हाताला लागेना. रोज वाटी घेऊन तो कोणापुढे उभा राहिला होता? ती भुवई, तो ओठ, ते मिटलेले डोळे... त्यांच्यात तो काय शोधत होता?

“मग... मग मीठ कसं घालता तुम्ही?”

सिस्टरनी बाकावरच्या बायकांकडे हात केला. “ह्या खातात. मी ह्यांची तोंडं बघते. कमी पडलं की ह्या सांगतात. ही तर भांडते.”

बाजूची बोळक्या तोंडाची म्हातारी लाजून हसली.

भार्गवला राग आला.

“तुम्ही मला फसवलंत.”

“वाटी कोणी बदलली?” सिस्टरनी शांतपणे विचारलं.

भार्गवने वाटी बाजूला सरकवली.

“मग रोज ‘नाही’ का म्हणत होतात?”

“तू रोज मला विचारत होतास म्हणून.”

बाहेर परसात एक कोंबडी माती उकरत होती.

“आज तू केलेला कुठे आहे?” सिस्टरनी विचारलं.

“...ओतला. केळीत.”

“कसा झाला होता?”

भार्गवने तोंड उघडलं. लसणीच्या पाकळ्या किती घेतल्या, ते त्याला आठवत होतं. मिठाची चिमूट आठवत होती. तेलाची धारसुद्धा डोळ्यांपुढे होती. पण चव...

त्याने आठवून बघितलं. आजची. कालची. परवाची.

पहिल्या दिवशी त्याने चाखला होता. आवडलाही होता. मग ‘नाही’ आलं. त्यानंतर बोट वाटीत बुडलं, ते फक्त सिस्टरचं.

तो बाकाच्या कडेला खाली बसला. मघाशी हसताना वर गेलेला त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सिस्टर...” तो म्हणाला. “मी चाखलाच नाही.”

कोणी हसलं नाही. इनासमावशीने मान खाली घातली.

सिस्टरनी एक बटाटा उचलला, मोडला, अर्धा वाटीत बुडवला आणि त्याच्या हातावर ठेवला. हिरवं तेल त्याच्या मनगटावरून ओघळलं.

“माझी जीभ तापाने नेली, बाळ,” त्या म्हणाल्या. “तुझी कोणी नेली?”