खांबाची दोरी

फार पूर्वी, उत्तरेकडच्या एका थंड देशात समुद्राकाठी एक दर्यावर्दी राहत होता. त्याचं नाव केतिल. भावाभावांत वाटण्या होऊन जमीन एवढीशी उरली होती की तिच्यावर दोन गायी धड चरत नव्हत्या. म्हणून केतिल, त्याची बायको सिग्नी आणि शेजारची दोन कुटुंबं होड्यांत गुरं घालून पश्चिमेकडे निघाली. तिकडे एक मोठं बेट आहे आणि तिथे गवत गुडघाभर वाढतं, असं त्यांनी ऐकलं होतं.

त्या लोकांची एक रीत होती. घर सोडताना घरधन्याच्या आसनाजवळचा कोरीव खांब उपटून सोबत घ्यायचा. नवी जमीन दिसली की तो समुद्रात सोडायचा. लाटा त्याला जिथे किनाऱ्याला लावतील, तिथे घर बांधायचं. म्हणजे जागेवरून भांडण नाही आणि ही बरी की ती बरी, हा घोळही नाही.

केतिलचा खांब त्याच्या वडिलांनी कोरला होता. त्याला पाठ टेकून त्याची आई लोकर कातायची. तिची पाठ घासून घासून एका बाजूची नक्षी गुळगुळीत झाली होती. आई मागेच राहिली होती. या वयात समुद्र नको, म्हणाली. वाटेत केतिल रोज त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवून बसायचा.

बेट दिसलं. शेजाऱ्यांनी आपापले खांब पाण्यात ढकलले. केतिलनेही ढकलला, पण त्याआधी गुपचूप त्याला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक होडीला. आईची तेवढी एकच खूण त्याच्यापाशी होती.

आता बांधलेला खांब किनाऱ्याला लागणार कसा? होडी जाईल तिकडे तो मुकाट मागून यायचा. शेजाऱ्यांचे खांब आठ-दहा दिवसांत सापडले. त्यांनी घरं उभारली, गवत कापून वाळत घातलं. केतिल मात्र होडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत राहिला. सिग्नीने विचारलं की म्हणायचा, "समुद्राने अजून जागा दाखवली नाही गं."

उन्हाळा सरला. होडीत भरून आणलेला चारा संपला. एक गाय बसली ती उठलीच नाही. सिग्नीला सातवा महिना लागला होता. एके दिवशी बादली धुवायला ती होडीच्या मागच्या टोकाला गेली आणि तिला ती दोरी दिसली.

"अहो, हे काय?"

"आईचा खांब आहे. सुटला तर परत मिळायचा नाही."

"आणि बाळ कुठे जन्माला येणार? या होडीत, बर्फात?" सिग्नी म्हणाली. "मला काय माझ्या आईची आठवण येत नाही? माझ्याकडे तर तिचा खांबसुद्धा नाही. सोडा तो."

केतिल बराच वेळ दोरी हातात धरून बसला. मग त्याने कुऱ्हाड घेतली आणि घाव घातला. खांब लाटांवर चढला, उतरला आणि दिसेनासा झाला. केतिल हमसून हमसून रडला.

पाच दिवसांनी काळ्या वाळूच्या एका खाडीत खांब सापडला. तोवर गवत पिवळं पडलं होतं. शेजारी धावून आले. त्यांनी घाईघाईने मातीच्या ढेपांच्या भिंती उभ्या केल्या, आपल्यातला थोडा चारा दिला. बाळ सुखरूप जन्मलं, पण दुसरी गाय काही त्या हिवाळ्यात जगली नाही.

मुलगी बोलायला लागली तेव्हा एकदा घरात उभ्या केलेल्या त्या खांबापाशी बसून तिने विचारलं, "बाबा, ही खाच कसली?"

"दोरीचा वळ आहे तो. आपला पहिला उन्हाळा मी तिथे बांधून ठेवला होता."

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. ती सरकली आणि आजीच्या पाठीने झिजलेल्या जागेला पाठ टेकून बसली. केतिलला आईची आठवण अजूनही रोज यायची आणि तो दारातून समुद्राकडे बघत बसायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदाच समुद्राकडे न बघता, घरात बघत बसला.

तात्पर्य: सोडून आलेल्या घराची आठवण जन्मभर जपावी, पण तिला बांधून ठेवू नये; मोकळी सोडली तर तीच नव्या घराचा खांब होते.