लोणच्यातला राजा

राजाचा फोन वाजेना आणि राजा उपाशी.

आता फोनचा नि पोटाचा काय संबंध? तर भुजंगराजाचा हुकूमच तसा होता. मुदपाकखान्यातून फोन करायचा, "महाराज, लोणी की दही?" असं विचारायचं, आणि मगच ताट वर न्यायचं. न विचारता ताट आणलं तर ते परत जायचं. राजा मोठा हट्टी, हट्टापायी उपाशी राहायचा.

ज्योतिष्याने सांगितलं म्हणून राजाने झोपायची खोली बदलली. फोन उचलून बरोबर नेला. जुन्या खोलीत लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. तेव्हापासून स्वयंपाकीण येसाबाई फोन लावून लावून दमली. राजा म्हणाला, "हिचाच आळस. उद्या हिला हाकला."

वायरवाला आला. वाड्याच्या साऱ्या वायरी एका डबीत येतात, तिला म्हणतात स्विच. कोण कुठल्या वायरीवर बसलाय ते ती ध्यानात ठेवते नि त्याचा फोन त्याच वायरीत धाडते. तो म्हणाला, "महाराज, डबीच्या डोक्यात अजून तुमची जुनी खोली आहे. तिला सगळं विसरायला लावतो, म्हणजे ती नव्याने शिकेल."

"आम्हाला विसरायला लावतोस?" राजा कडाडला. "डबीने काही विसरायचं नाही, हा आमचा हुकूम आहे. तिला हात लावू नकोस. आम्हीही खोली सोडणार नाही. तरी फोन वाजला पाहिजे."

वायरवाल्याने पिशवी उचलली, जाता जाता मुदपाकखान्यात सगळं सांगितलं नि घर गाठलं.

येसाबाईची पोर भिवरा भाकरी थापत होती. "आये, राणीसाहेब रुसल्या की खोली बदलतात. त्यांचा फोन कधी बंद पडला?"

"तो कसला बंद पडतोय? नव्या खोलीत पाय ठेवला की आधी माहेरी गाऱ्हाणं."

"आणि महाराज?"

"ते कशाला कुणाला आधी फोन करतील? कमीपणा येतो ना."

भिवराने हात पुसले नि तडक वर गेली. "महाराज, दोष आईचा नाही. तुमचा फोनच मेलाय. यातून आवाज बाहेर जात नाही."

"मेलाय? नवाकोरा आहे!"

"मग करा की एक."

"आम्ही कुणाला आधी फोन करत नाही."

"राहू द्या मग. जमत नसलं तर माणूस असंच म्हणतं."

राजा लाल झाला. फोन उचलून ओरडला, "येसाबाई! ऐकू येतंय का?"

"आलं, महाराज," येसाबाई घाबरून म्हणाली. तिच्या हातची पळी आमटीत पडली.

भिवरा म्हणाली, "आता ठेवा. आई आपणहून करील."

राजाने फोन ठेवला. ठेवला तोच तो खणखणला. "महाराज, लोणी की दही?"

"दोन्ही आण," राजा म्हणाला नि भिवराकडे वळला. "पोरी, काय जादू केलीस?"

"मी कुठं काय केलं? डबी माणसाला आवाजावरून ओळखते. ज्या वायरीतून आवाज आला, तिथं तो माणूस. तुम्ही इकडे आलात नि तोंड मिटून बसलात. तिला काय ठाऊक? तिच्या लेखी महाराज अजून बरण्यांतच, लोणच्यात मुरत पडलेले. आणि लोणचं काय फोन उचलतंय?"

तेवढ्यात ताट वर आलं. राजा असा हसला की पगडी ताटात पडली. भिवराला त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं, येसाबाईला भरजरी लुगडं.

पुढे ज्योतिष्याने पुन्हा खोली बदलायला लावली. गादी घालायच्या आधी राजाने फोन उचलला. "येसाबाई, आम्ही लोणच्यातून बाहेर आलो. ताट पाठवा."