खडकावरची थाप

दृढपृष्ठ कमठाजी कासवे, वय वर्षे एकशे अकरा, हे फार पूर्वी एका तळ्यावरील कासवांच्या ध्यानमंडळाचे तहहयात अध्यक्ष होते. सर्व सभासद मान व पाय कवचात ओढून ध्यानाला बसत. अध्यक्षांनी खडकावर थाप दिल्याखेरीज कोणीही मान बाहेर काढू नये, असा मंडळाचा नियम होता.

एके सकाळी ती थाप येईचना. सभासद शेवंती हिची पिल्ले त्याच वेळी अंड्यांतून निघून वाळूवरून पाण्याकडे चालली होती. तिला कावळ्यांचा कलकलाट ऐकू आला. तिने मान बाहेर काढून पाहिले, तर अध्यक्ष घोरत होते. इतर सभासद त्या आवाजाला नामजप समजत होते. तिने स्वतःच खडकावर थाप दिली. सर्वांच्या माना एकदम बाहेर आल्या आणि दचकून कावळे उडाले.

दृढपृष्ठ जागे झाले. “शेवंतीबाई, थाप देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?”

“कोणीही नाही, महाराज. आपण झोपला होतात.”

“ती समाधी होती!”

“मग खुशाल लावा,” मागून एक म्हातारा सभासद म्हणाला, “आम्हाला तेवढे जेवायला सोडत जा.”

सगळे हसले. शेवंती हसली नाही. तिचे एक पिल्लू कावळ्यांनी नेले होते. दृढपृष्ठांनी बराच वेळ वाळूकडे पाहिले आणि नियम बदलण्याचा ठराव स्वतःच मांडला.

तेव्हापासून थाप देण्याचे काम सभासदांकडे पाळीपाळीने असे. दृढपृष्ठांची पाळी असेल त्या दिवशी शेवंती त्यांच्या शेजारी बसे.