ताडाचा एकच कोंब

एका राज्यात, जिथली थंडी हाडे फोडीत असे, शिखरसेन नावाचा राजा होता. त्याच्या घराण्याची रीत अशी की राजवाड्याच्या कळसाहून उंच झाड राजबागेत असू नये. आंबा वाढला, छाटा शेंडा. वड वाढला, छाटा शेंडा. ती बापडी पुन्हा फुटत.

त्या बागेत एका मांत्रिकाने समुद्राकाठचा श्रीताड लावला होता. तो कळसावर गेला, तेव्हा राजाज्ञेने भद्रक माळ्याने त्याचाही शेंडा उडवला. ताडाला कोंब एकच. तो गेला की झाड गेले. भद्रकाला हे कुणी सांगितले नव्हते. झाड वाळले, आणि मांत्रिक त्याच्या दारात आला.

"ज्या हाताने मारलेस त्याच हाताने दुसरा ताड लाव. तो कळसावर जाऊन फुलेपर्यंत तुझी लेक पाषाण होवो."

सात वर्षांची कुवलया अंगणात होती तिथेच पाषाण झाली. हुकूम राजाचा, शाप माळ्याला! शापसुद्धा माणूस बघून लागतात.

भद्रकाने ताड लावला. तो थंडीने करपला. दुसरा लावला, त्याला लेकरासारखे डोक्यावरून न्हाऊ घातले. कोंबात पाणी साचून तो कुजला. तिसरे बी हातात घेऊन तो रडत बसला, तेव्हा कुंपणावरचा धनेश पक्षी बोलला, "माळ्या, उन्हाने तापणाऱ्या भिंतीशी लाव. थंडीत गवताने गुंडाळ. पाणी मुळाशी घाल, माथ्यावर नको. श्रीताड आयुष्यात एकदाच फुलतो."

"किती वर्षांनी?"

"चाळीस."

भद्रकाने बी मातीत घातले. मग रोज सकाळी तो लेकीच्या दगडी गालांवरचे दव पुसी आणि ताडाला पाणी घाली. बायको झुरून गेली. त्याची पाठ वाकली. शिखरसेनही गेला, त्याचा मुलगा गादीवर आला. रीत मात्र तीच राहिली.

"ताड कळसावर गेला. छाट," नवा राजा म्हणाला.

"महाराज, त्यात माझ्या लेकीचा जीव आहे."

"रीत ती रीत."

म्हाताऱ्याने कोयता घेतला. वर चढून त्याने कोयता खालच्या विहिरीत फेकला आणि पागोट्याने स्वतःला खोडाशी बांधून घेतले. "छाटायचा तर माझ्यासकट छाटा!"

पहिल्या दिवशी राजा हसला. दुसऱ्या दिवशी संतापला. तिसऱ्या दिवशी करवत बुंध्याला लागली, तोच तिचे सगळे दात गळून पडले आणि शेंड्यातून फुलांचा पांढरा डोंगर उसळला. राजाने हात जोडले. ती रीत त्याने तिथेच मोडली, आणि त्या राज्यात पुन्हा कुठल्याही झाडाचा शेंडा छाटला गेला नाही.

भद्रक कसाबसा उतरून अंगणात धावला. कुवलया डोळे चोळीत उभी होती. होती तेवढीच, सात वर्षांची. त्याने हात पसरले, तशी ती दचकून मागे सरली.

"आजोबा, माझे बाबा कुठे आहेत?"

म्हाताऱ्याने पसरलेले हात मागे घेतले. "येतील हं बाळ," तो म्हणाला, "झाडाला पाणी घालायला गेलेत."

ती पायरीवर वाट पाहत बसली. तोही तिच्याजवळ बसला.