आबांची गाडी दिवाळीपर्यंत बंद

घाटमाथ्यावरच्या एका गावात कोंडिबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच तो करायचा. माणसं किती बेसावधपणे बोलतात, हे त्याच्यामुळे गावाला कळलं.

तो आबा शेलारांकडे कामाला लागला. आबांकडे मुक्कामाची गाडी होती. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. पाहुणे ती भाड्याने नेत. पाऊस तोंडावर आला की दिवाळीपर्यंत ती झाकून ठेवायची.

"नीट झाकून दाखव," आबा म्हणाले, "तर तुझी नोकरी कायम." कोंडिबाने लगेच बाह्या सारल्या. नोकरी कायम झाल्याशिवाय पोरगी देणार नाही, असं होणाऱ्या सासऱ्याने बजावलं होतं.

"पयलं, खाण्याचा कण आत ऱ्हायला नको. उंदीर लागतात."

"बरं, आबा."

कोंडिबाने डबे, बरण्या काढल्या, कानाकोपरा झाडला. आबा खूश झाले.

"आता गाडीत पाण्याचा थेंब नको."

"बरं, आबा."

त्याने टाकी रिकामी केली, नळ रिकामे केले, आणि बॅटरीतलं पाणीही ओतून टाकलं.

"आरं येड्या! बॅटरीचं पाणी काढत्यात व्हय? हात लावायच्या आधी इचारत जा!"

"बरं, आबा."

दुसऱ्या दिवशी उघड्या दारातून गाडीत माकड शिरलं. कोंडिबा धापा टाकत बाजारात आबांकडे गेला. "आबा, माकड शिरलंय. हाकलू का?" दोघे परत येईतो गादीचा कापूस झाडावर गेला होता.

"असल्या टायमाला इचारत्यात व्हय? गाडीत काय हलायलं की इचारायचं न्हाय, आधी दार लावायचं!"

"बरं, आबा."

आबांचा स्वभाव भिडस्त. गेल्या साली चुलतभावाने गाडी मागून घेतली आणि पावसाळाभर तीत कोंबड्या ठेवल्या. म्हणून त्यांनी निक्षून सांगितलं, "एकदा कुलूप लागलं की दिवाळीपतुर उघडायचं न्हाय. कुणी बी येऊ दे. मी सांगितलं तरी उघडू नको. माझं मन लई मऊ हाय."

"बरं, आबा."

शेवटी डांबरगोळ्या टाकायच्या राहिल्या. त्या काही कोंडिबाच्या हाती द्यायला आबा धजले नाहीत. ते स्वतःच आत गेले. इकडे कोंडिबा ताडपत्री घेऊन आला, तर गाडीतला पडदा हलला.

या खेपेला त्याने कुणालाही विचारलं नाही. दार लावलं, कुलूप घातलं, ताडपत्री ओढली आणि बारा गाठी मारल्या.

"आरं, मी हाय आत! उघड!"

आबांचं मन मऊ, हे कोंडिबाला ठाऊकच होतं. त्याने तेरावी गाठ मारली.

दुपारी आबांच्या पत्नी, काकी, भाकरी घेऊन आल्या. "हे कुठं हायेत रं?"

"आत."

"मग उघड की, मुडद्या!"

"दिवाळीला उघडतो, काकी."

"आन् तवर खातील काय?" काकींनी ताडपत्रीची कड उचलून खिडकीच्या फटीतून भाकरी सारली. कोंडिबाने ती वरच्यावर काढून घेतली.

"खाण्याचा कण आत नको, काकी. उंदीर लागतात."

मग त्याने ताडपत्रीला तोंड लावलं. "आबा, समदं सांगितल्यावानी केलं. नोकरी कायम न्हवं?"

"कायम रं बाबा, कायम!" आबा आतून रडकुंडीला आले. "पण आता उघड!"

"आबा, तुमचं मन लईच मऊ," कोंडिबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. त्याने किल्ली कनवटीला खोचली आणि सासऱ्याला ही बातमी सांगायला तो दोन दिवसांच्या वाटेवर निघाला.