चाळीस दिवस कधीपासून?

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक सुतार राहत होता. हात मोठा सफाईदार, पण स्वभाव असा चिकट, की एकदा शंका आली की उत्तर मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. लोकांना त्याचा फार कंटाळा यायचा.

घाट उतरून दमलेल्या वाटसरूंसाठी गावच्या देशमुखांनी धर्मशाळा बांधायला काढली. भिंतींचं काम गवंड्याला दिलं होतं. छपराचं काम द्यायचं म्हणून कारभाऱ्यांनी चावडीवर तबकात विडा ठेवला. रीत अशी, की ज्यानं विडा उचलला त्यानं काम घेतलं. करारनाम्यावर अंगठा मागाहून, आणि तो वाचायच्या भानगडीत तर कुणीच पडत नसे.

सुतार पुढे झाला, पण विड्याला हात न लावता म्हणाला, "कारभारी, आधी कागद वाचून दाखवा."

चावडीवर हशा पिकला. कारभाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालून वाचलं. आजपासून चाळीस दिवसांत छप्पर चढलं पाहिजे. नाही चढलं तर सुताराची सगळी हत्यारं जप्त.

"भिंती अजून गुडघ्याएवढ्या आहेत," सुतार म्हणाला. "छप्पर चढवू कशावर? दिवस मोजायचे ते भिंती पुऱ्या होऊन माझ्या ताब्यात येतील तेव्हापासून. एवढं लिहा. मग चाळिसाचे पस्तीस केलेत तरी माझी ना नाही."

"कागद पिढ्यान्‌पिढ्या असाच आहे. उचलायचा तर उचल विडा, नाहीतर बाजूला हो."

सुतारानं रामराम केला आणि तो घरी आला.

बायको चिडली. "अहो, चार महिने घरात धड काम नाही. एका ओळीपायी आलेलं काम सोडलंत?"

"त्या ओळीत आपली हत्यारं अडकतात. ती गेली तर पुढचं कामही गेलं," सुतार म्हणाला. म्हणाला खरा, पण त्यालाही वाईट वाटत होतं. मग तो लोकांचे नांगर, पाभरी दुरुस्त करत राहिला आणि घर कसंबसं चाललं.

इकडे शेजारच्या गावच्या एका हसतमुख सुतारानं विडा उचलला. कागद न वाचता अंगठाही दिला. पुढे चुन्याच्या गाड्या वेळेवर आल्या नाहीत आणि गवंड्याचं काम रखडलं. चाळिसाव्या दिवशी भिंती छातीएवढ्याच होत्या. तो सुतार गयावया करत राहिला, पण कारभाऱ्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि त्याची करवत, वाकस, रंधा, पटाशी सगळं उचलून कोठारात टाकलं.

महिन्याभरानं भिंती पुऱ्या झाल्या, तेव्हा छप्पर घालायला सुतार मिळेना. दहा कोसांतला कुणी विड्याकडे बघेना. धर्मशाळा उघडीच, आणि वाटसरू तिच्या सावलीऐवजी समोरच्या झाडाखाली बसू लागले. देशमुखांना ते फार लागलं. त्यांनी आपल्या गावच्या सुताराला बोलावलं.

"तुझी ओळ मान्य," देशमुख म्हणाले. "भिंती आज तुझ्या ताब्यात. आजपासून पस्तीस दिवस. उचल विडा."

"सरकार, आणखी एक ओळ हवी. त्या सुताराची हत्यारं आजच परत द्यायची."

कारभारी उसळले. "त्याचं तुला काय करायचंय? तुझं काम तुला मिळालं ना?"

"मोठ्या छपराचं आढं एकट्यानं चढत नाही, कारभारी. मला जोडीदार लागणार, आणि त्याचे हात तुमच्या कोठारात बंद आहेत. शिवाय भिंती नसताना तो छप्पर घालणार कुठं होता? हे तुम्हालाही ठाऊक होतं." सुतार शांतपणे खाली बसला. "ओळ लिहून होईपर्यंत मी बसतो इथंच."

देशमुखांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी मान खाली घातली आणि बोरू हातात घेतला. लिहिलेलं सुतारानं दोनदा वाचून घेतलं, मगच विडा उचलला.

दोघा सुतारांनी मिळून एकतीस दिवसांत छप्पर चढवलं. शेवटचा वासा ठोकून झाल्यावर हसतमुख सुतार म्हणाला, "तुम्ही माझी हत्यारं सोडवलीत. आता एक शिकवा. कागदात नेमकं बघायचं काय?"

सुतार म्हणाला, "दुसऱ्याच्या उशिराची शिक्षा आपल्या नावावर लिहिलेली आहे का, ते आधी बघ."

तात्पर्य: काम घेण्याआधी कराराची प्रत्येक ओळ समजून घ्यावी आणि अन्यायाची ओळ बदलेपर्यंत ठाम राहावं. असा ठामपणा आपल्यासारख्या दुसऱ्यालाही वाचवतो.