अ‍ॅपवर जो नाही

"महिनाभर अ‍ॅपवर हजेरी शून्य! शाळा बंद करायचा शेरा मारतो," तपासणीला आलेले खिस्तेसाहेब एकशिक्षकी शाळेच्या पाडवीबाईंवर गरजले. समोर एकोणीस पोरं बसली होती. दुसरी शाळा नदीपलीकडे. ही बंद झाली तर निम्मी पोरं घरीच राहणार.

"साहेब, पाड्यावर रेंज नाही. हजेरी पाठवायला टेकडी चढावी लागते. तोवर पोरं कोणावर सोडू? समोरच बसलीत, मोजा ना."

"मोजायचं कशाला? अ‍ॅपवर जो नाही, तो हजर नाही!"

साहेबांनी शेरेबुकात शेरा लिहिला. मग भेटीची नोंद म्हणून शाळेसमोर उभं राहून त्याच अ‍ॅपवर स्वतःचा फोटो काढला. फोटो काही जाईना. चक्र नुसतं फिरत राहिलं. दहा मिनिटांत साहेबांना घाम फुटला.

बाई म्हणाल्या, "साहेब, अ‍ॅपवर तुम्हीही नाही. म्हणजे तुम्ही आलाच नाहीत. मग हा शेरा कोणी लिहिला म्हणायचं?"

साहेबांनी फिरत्या चक्राकडे पाहिलं, मग पोरांकडे. शेरा खोडला आणि बोट नाचवत मोजायला लागले, "एक... दोन... तीन..."